शेल्याचा रंग

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे पूर्वेकडे निघाले, की काही वेळाने उघड्या माळरानात एक डोंगर दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर यमाई देवीचे देऊळ आहे आणि पायथ्याशी औंध हे गाव आहे. आज ते सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एक गाव. परंतु १९४८ सालापर्यंत ती एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान लहान, सुमारे पाचशे चौरस मैलांचे, आणि तेही सलग नव्हे. त्याचा आटपाडीचा मुलूख आणि कुंडलचा भाग औंधपासून दूर, आजच्या सांगली जिल्ह्यात, विखुरलेला होता. पाऊस थोडा, जमीन हलकी, तिजोरी बेताची. अशा या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले.

संस्थानिक म्हटला, की हत्ती, पागा, शिकार आणि जडजवाहीर डोळ्यांपुढे उभे राहते. बाळासाहेबांना वेड होते ते चित्रांचे आणि कथांचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले होते. सूर्यनमस्कारांचे ते असे कट्टे पुरस्कर्ते, की संस्थानातील शाळांतून मुलांना नमस्कार घालावे लागत. हे ऐकून आजच्या काही मुलांना औंधच्या त्या वेळच्या मुलांची दया येईल; परंतु राजा स्वतःही नमस्कार घालीत असे, तेव्हा तक्रारीला जागा उरत नसे. आणि हाच राजा, लोक जमले म्हणजे, त्यांच्यापुढे कीर्तनास उभा राहत असे व रामकथा रंगवून सांगत असे.

कीर्तनकाराला एक मोठी सवलत असते. ‘राम वनात निघाला’ एवढे त्याने म्हटले, की त्याचे काम झाले. रामाच्या पायांत काही होते की नव्हते, केस मोकळे होते की बांधलेले, धोतराचा काठ कोणता, यांपैकी काहीही त्याला सांगावे लागत नाही. जो तो श्रोता आपल्या मनातला राम पाहतो आणि घरी जातो. चित्रकाराला ही सवलत नाही. त्याने कुंचला उचलला, की रामाच्या पायांत काहीतरी असावे लागते, किंवा काहीच नसावे लागते. यांच्या मधले त्याला काही काढता येत नाही. कथा जेथे मौन धरते, तेथेही चित्रकाराला उत्तर द्यावेच लागते.

बाळासाहेब पोटासाठी चित्रे काढीत नव्हते. ज्या कथेने मन भारले, ती डोळ्यांनी पाहावी व इतरांना दाखवावी, एवढीच त्यांची ओढ होती. या ओढीतून त्यांनी रामकथेतील एकामागून एक प्रसंग रंगविले, आणि १९१६ साली त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. एखादे चित्र काढणे निराळे आणि एका कथेची मालिका काढणे निराळे. एकट्या चित्रातील रामाला फक्त सुंदर दिसावे लागते. मालिकेतील रामाला सुंदर तर दिसावेच लागते, शिवाय त्याला आधीच्या चित्रातल्या रामासारखेही दिसावे लागते.

नाटकवाल्यांना ही अडचण इतकी जाणवत नाही. सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तेथे राम झालेला नट पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत तोच असणार. त्याचे नाक, त्याची उंची, त्याच्या अंगावरचा शेला रात्रीतून बदलत नाही. चित्रकार मात्र प्रत्येक वेळी कोऱ्या कागदापासून आरंभ करतो. पहिले चित्र त्याने पावसाळ्यात काढले असेल आणि विसावे दोन उन्हाळ्यांनंतर. तेवढ्यात त्याचा हात बदलतो, रंगाची बाटली बदलते, आणि रामाचा मुकुट कसा होता हेही तो विसरून जातो.

हा पेच किती खोल जातो, हे पाहावयाचे असेल तर वाल्मीकींच्या रामायणातील सीतेच्या वस्त्रालंकारांचा माग काढावा.

वनवासास निघताना कैकेयीने राम, लक्ष्मण आणि सीता या तिघांपुढे वल्कले ठेवली. राम-लक्ष्मणांनी ती नेसली. सीतेला मात्र ती कशी नेसावीत हेच कळेना; एक वल्कल गळ्याशी आणि एक हातात धरून ती ओशाळून उभी राहिली. तेव्हा रामानेच ते तिच्या रेशमी वस्त्रावरून बांधले. हे पाहून अंतःपुरातील स्त्रिया रडू लागल्या, वसिष्ठांनी कैकेयीची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली, आणि दशरथाने चौदा वर्षे पुरतील एवढी वस्त्रे व अलंकार सीतेसाठी देवविले. पुढे अत्रिऋषींच्या आश्रमात अनसूयेनेही तिला वस्त्रे आणि भूषणे दिली. म्हणजे वनातली सीता पाने-फुले ल्यालेली नव्हे. तिच्या अंगावर सोन्याचे अलंकार आहेत. पुष्कळ चित्रांतून ती वल्कले नेसून, फुलांचे दागिने घालून बसलेली दिसते. ते चित्र एकटे पाहिले तर मनाला भावते. पण पुढे काय होते?

पुढे रावण तिला पळवून नेतो. आकाशातून जाताना तिला डोंगराच्या शिखरावर पाच वानर बसलेले दिसतात. ती आपला पिवळा रेशमी शेला आणि काही अलंकार त्यांच्यामध्ये टाकून देते. वनातल्या चित्रात चित्रकाराने तिला फुलांचे दागिने घातले असतील, तर आता ती टाकणार काय? फुले? ती तर वाऱ्यानेच उडून जातील; आणि सुग्रीवाने गुहेतून आणून दाखविल्यावर रामाने ओळखावयाचे ते कशाला?

याहूनही मौजेची गोष्ट त्यापुढे आहे. हनुमान लंकेत पोहोचतो आणि अशोकवनात एका झाडाखाली बसलेली, कृश झालेली एक स्त्री पाहतो. सीतेला त्याने पूर्वी नीट पाहिलेले नाही. ही तीच, हे त्याने कसे ओळखावे? तो तिच्या अंगावरील अलंकार न्याहाळतो. रामाने सांगितलेल्यांपैकी जे डोंगरावर पडले, ते तिच्या अंगावर नाहीत. जे पडले नव्हते, ते मात्र आहेत. मग तो तिच्या वस्त्राकडे पाहतो. फार दिवस अंगावर राहिल्यामुळे ते मळले आहे, चुरगळले आहे. तरीही त्याचा रंग तोच आहे, जो वानरांनी पाहिलेल्या त्या शेल्याचा होता. एवढे जुळल्यावर त्याची खात्री पटते.

चित्रांच्या मालिकेत हे किती नाजूक होऊन बसते, पाहा. चित्रकाराने शेला पडताना तो हिरवा दाखविला आणि अशोकवनात सीतेचे वस्त्र तांबडे रंगविले, तर दोन्ही चित्रे निरनिराळी पाहणाऱ्याला काहीच खटकणार नाही. परंतु त्या चित्रांतला हनुमान सीतेला ओळखणार कशाच्या आधारावर? तो आल्या पावली परत जाईल आणि रामायण तेथेच संपेल.

कथेवर प्रेम करणाऱ्या माणसाला असा पेच पडतो, मग ती कथा हजारो वर्षांपूर्वीची असो की उद्याच्या काळातली. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात ‘स्टार ट्रेक’ नावाची एक मालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. १९७९ पासून तिच्यावर चित्रपटही निघू लागले. अवकाशयानात बसून दूरदूरच्या ताऱ्यांकडे जाणाऱ्या माणसांची ती कथा आहे. तिचे चाहते घरी बसून त्या यानाची चित्रे काढीत, त्यातील उपकरणांच्या प्रतिकृती बनवीत. फ्रान्झ जोसेफ नावाच्या गृहस्थांची मुलगी अशांपैकीच एक. वडिलांनी विमाने बांधणाऱ्या कारखान्यात आराखडे काढण्याचे काम केलेले होते. मुलीची व तिच्या मित्रमैत्रिणींची हौस पाहून ते स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्या यानाचा मजल्यामजल्याने संपूर्ण आराखडा त्यांनी तयार केला. १९७५ साली तो प्रसिद्ध झाला.

ते यान खरे नव्हते, हे सांगावयास नकोच. बाहेरून दिसणारे यान म्हणजे एक छोटी प्रतिकृती, आणि आतल्या खोल्या म्हणजे चित्रीकरणासाठी उभारलेले निरनिराळे देखावे. बाहेरच्या आकारात आतल्या खोल्या बसतात की नाही, याची उठाठेव कोण करणार? जोसेफ यांनी ती केली, आणि त्यांना एक विसंगती दिसली. बाहेरून पाहिले तर यानाच्या माथ्यावर उद्वाहकाचा, म्हणजे लिफ्टचा, फुगवटा अगदी मागे मधोमध आहे. आतून पाहिले तर लिफ्टचे दार कप्तानाच्या पाठीमागे एका बाजूला आहे. दोन्ही कसे खरे असेल? त्यांनी यांपैकी एकही गोष्ट खोटी ठरविली नाही. त्यांनी आराखड्यात ती गोल खोलीच फिरवून तिरपी बसविली. आता दार फुगवट्याशी जुळले. मात्र कप्तान यानाच्या नाकासमोर न पाहता किंचित तिरका बसू लागला! काही जण यावर हसले, काही जण वाद घालीत बसले. पण हसणाऱ्यांनीही तोवर दार कोठे आहे हे पाहिलेले नव्हते.

आता पुन्हा औंधास यावे. बाळासाहेबांपुढे रंगाचा प्रश्न होता, तसा वेषाचाही होता. त्या काळी घरोघरी राजा रविवर्म्यांच्या छापील तसबिरी लागलेल्या असत. त्या चित्रांतील पुराणकाळच्या कितीतरी स्त्रिया नऊवारी लुगडे नेसून उभ्या आहेत. चित्रे देखणी, लुगड्याचा पदर तर असा, की हात लावावासा वाटावा. परंतु दमयंती पेशवाईतील नेसण नेसली होती काय, असा प्रश्न एकदा मनात आला म्हणजे तो सुखासुखी जात नाही. प्राचीन लोकांचा वेष पाहावयाचा तर तो प्राचीन कारागिरांच्या कामातच पाहिला पाहिजे, अशा विचाराने बाळासाहेब जुन्या लेण्यांकडे वळले. अजिंठ्याच्या भिंतींवरील राजपुत्रांच्या कमरेला तलम वस्त्र आहे, गळ्यात मोत्यांचे सर आहेत, मस्तकावर नक्षीदार मुकुट आहेत. छाती बहुधा उघडी आहे. या लेण्यांचा त्यांनी नुसता चित्रांपुरता उपयोग केला नाही. वेरूळवर १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली त्यांची मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध झाली.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की अजिंठ्याची चित्रे तरी रामाच्या काळची कोठे आहेत? आक्षेप अगदी बरोबर आहे. त्या चित्रांतील सर्वांत जुनीदेखील सुमारे दोन हजार वर्षांपलीकडची नाहीत. रामाच्या दरबारात छायाचित्रकार नव्हता, तेव्हा त्याचा खरा वेष कोणालाच दाखविता यावयाचा नाही. मग निदान एवढे तरी करावे, की राम एका शतकातला, सीता दुसऱ्या शतकातली आणि रावण कालच्या नाटक कंपनीतला, असे होऊ नये. सर्व पात्रे एका जगातली दिसावीत. या दृष्टीने पाहता लेण्यांचा आधार घेण्यात शहाणपण होते.

रामायणाने त्यांना वेष शोधावयास लावला. महाभारताने प्रत्यक्ष कथाच शोधावयास लावली.

चित्रमय महाभारत काढावे, ही बाळासाहेबांची मोठी इच्छा होती. पण चित्रे कोणत्या महाभारताची काढावयाची? काश्मीरमधील पोथीत जे आहे, ते केरळातल्या पोथीत नाही. बंगालमधील पोथीत एक श्लोक, तर महाराष्ट्रातील पोथीत त्या ठिकाणी चार. शेकडो वर्षे लेखकांनी हाताने नकला केल्या. कोणाची ओळ गळली, कोणी भक्तिभावाने एखादी गोष्ट भरीस घातली. एका पोथीवरून काढलेले चित्र दुसऱ्या पोथीच्या दृष्टीने खोटे ठरावयाचे. सर्व पोथ्या ताडून जुन्यात जुना पाठ निश्चित करावा, हा विचार मॉरिस विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या परिषदेत मांडलेला होता. परंतु युरोपात काम फारसे पुढे सरकले नाही, आणि पहिल्या महायुद्धाने ते थांबलेच.

पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या जुलैत, बाळासाहेबांनी या कामासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे वचन दिले. त्या काळचे लाख रुपये, आणि देणारा पाचशे मैलांच्या कोरडवाहू संस्थानाचा राजा! १ एप्रिल १९१९ या दिवशी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मंगलाचरणाचा श्लोक स्वहस्ते लिहून कार्यास आरंभ केला. तेव्हा भांडारकरांचे वय ८१ वर्षांचे होते. चित्रे काढावयास निघालेल्या माणसाच्या एका शंकेतून भारतातील एक फार मोठे विद्याकार्य असे मार्गी लागले.

१९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजला गणित शिकून मग संस्कृतकडे वळलेले. आणि काम तर गणितासारखेच काटेकोर होते. शारदा, बंगाली, ग्रंथ, तेलुगु, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या मिळवावयाच्या. मोठ्या कागदावर एक श्लोक लिहावयाचा आणि त्याखाली प्रत्येक पोथीत कोणते अक्षर निराळे आहे, ते एकेक करून नोंदवावयाचे. बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात ताडल्या जात, दक्षिणेकडच्या तंजावरास. अखेरपर्यंत ताडलेल्या पोथ्यांची संख्या १,२५९ भरली.

या तपासणीतून निघालेले निष्कर्ष चित्रकाराला नेहमीच सोयीचे होते, असे नाही. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहेत, हे चित्र कोणी पाहिले नाही? पण पोथ्या ताडता ताडता असे दिसून आले, की हा प्रसंग मूळच्या पाठातला नसून मागाहून आलेला आहे. संपादकांनी तो मुख्य ग्रंथातून काढून परिशिष्टात ठेवला. फेकून मात्र दिला नाही. ज्या ज्या ओळी मागाहूनच्या ठरल्या, त्या सर्व तळटीपांत किंवा परिशिष्टांत छापल्या आहेत. कोणाला शंका आली तर त्याने स्वतः ताडून पाहावे. पैसे देणाऱ्या राजाला प्रिय असणारी चित्रे वाचवावीत, म्हणून तेथे पाठ ठरविला जात नव्हता.

औंधमध्येही या अभ्यासाचे वातावरण होते. मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकलेले आणि पुढे वेदांच्या अभ्यासाला वाहून घेतलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर अनेक वर्षे औंधास राहत होते. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. देशोदेशींच्या कलाकृती त्यांनी तेथे जमविल्या. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल यांचे एक शिल्पही त्यांत आहे. शहरातील रसिकांना दुर्मीळ असे धन त्यांनी डोंगरावरच्या खेड्यात आणून ठेवले, आणि ते पाहावयास खटाव-माणचा शेतकरी देवीच्या दर्शनाला जाता जाता आत डोकावू लागला.

बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. त्यानंतर चार वर्षांनी पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून ‘गीतरामायण’ ऐकू येऊ लागले. त्याचे कवी गजानन दिगंबर माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातील शेटफळे या गावी जन्मलेले आणि औंधच्या शाळेत शिकलेले. छप्पन गीतांची ही मालिका १९५५ आणि १९५६ या वर्षांत प्रसारित झाली. औंधच्या राजाने राम डोळ्यांना दाखविला होता. येथे तो कानांनी ओळखावयाचा होता. रामाची गाणी सुधीर फडके यांनी गाइली, त्यामुळे आठवड्यामागून आठवडे गेले तरी रामाचा आवाज तोच राहिला.

महाभारताचे काम मात्र चालूच होते. सुकथनकर १९४३ साली गेले. त्यांच्यामागून बेलवलकरांनी आणि नंतर वैद्यांनी ते चालविले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी, आरंभानंतर ४७ वर्षांनी, एकोणीस खंडांचा तो ग्रंथ पुरा झाल्याचा समारंभ पुण्यात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाला. त्यातील आदिपर्वाचा खंड १९३३ सालचा. त्याच्या मुखपृष्ठामागील पहिल्या पानावर संपादक सुकथनकरांचे नाव आहे, आणि त्यासोबत, प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारा म्हणून, औंधच्या राजाचे.